पाशामियाँनी गुरुवार बंद केला

लातूरच्या ट्यूशन एरियात शरणप्पांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि त्या दुकानाचं गोदाम पाशामियाँच्या डोक्यात आहे. दोनशे पानी वह्या किती उरल्या असं विचारलं, की हा माणूस रॅककडे न बघता दाढी खाजवत आकडा सांगतो. आकडा चुकला तर उंदरांनी खाल्ल्या म्हणतो. स्वतः चुकल्याची नोंद अठ्ठावीस वर्षांत नाही.

पाशामियाँ गुरुवारी कामावर येत नसत. त्र्याण्णवचा भूकंप गुरुवारी पहाटे झाला, त्यात शरणप्पांची सासुरवाडी गाडली गेली. तेव्हापासून दुकान गुरुवारी बंद. पुढं कोचिंगवाले आले, गल्लोगल्ली डॉक्टर पिकायला लागले. समोरच्या क्लासनं दर शुक्रवारी चाचणी ठेवली आणि आदल्या दिवशी पोरांची झुंबड उडायला लागली. शरणप्पांनी गुरुवारी शटर उघडलं. पाशामियाँची सुट्टी मात्र जुना माणूस म्हणून तशीच ठेवली.

"गुरुवारी कसलं दुकान? दोघं नोकर बसून माशा मारतेत," असं पाशामियाँ टपरीवर चहा फुंकत सांगत. त्यांच्याशिवाय दुकान चालतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

जूनमध्ये शरणप्पांच्या सुनेनं, दीपालीनं, कोणता माल किती मागवायचा ते सांगणारं सॉफ्टवेअर आणलं. सासरे म्हणाले, "दोन महिने बघू. जमलं तर काउंटर तुझं, न्हाईतर घर सांभाळ." सॉफ्टवेअरनं सुरुवातीलाच विचारलं : आठवडा कोणत्या वारी सुरू होतो? दुकान कोणत्या वारी बंद असतं?

"चाचा, हे तुम्हीच भरा. दुकान तुमच्याइतकं कुणाला माहीत?" दीपाली म्हणाली.

एवढ्या मानानं भलेभले फुगतात. पाशामियाँनी चष्मा पुसला, सोमवारी आठवडा सुरू केला, गुरुवारसमोर 'बंद'ची खूण केली आणि सही ठोकून मोकळ्या झालेल्या तहसीलदारासारखा माउस पुढं ढकलला.

यंत्र बिचारं आज्ञाधारक. बंद दुकानाला माल कशाला? बुधवारी नांदेडहून येणाऱ्या गाडीत त्यानं सरावाच्या उत्तरपत्रिका नावालाच मागवल्या. गुरुवारी दुपारी बारालाच त्या संपल्या आणि पोरांची रांग तशीच वळून शेजारच्या दुकानात गेली.

शुक्रवारी सकाळी शरणप्पा तापलेले. पाशामियाँनी त्यात तेल ओतलं, "अप्पा, मशीनीला काय अक्कल असती का? म्या आधीच म्हणलं होतं."

दीपाली सॉफ्टवेअरचं एकेक पान उघडून बघत होती. एका पानावर तिचा हात थांबला. गुरुवार : बंद. तिनं पाशामियाँकडे एकदाच पाहिलं आणि संगणकाचा पडदा हळूच भिंतीकडे वळवला.

"मामा, चूक माझीच. मी तपासायला पाहिजे होतं."

"मग झालं तर. उद्यापासून घरी बस."

पाशामियाँना पडदा दिसला होता. त्यांच्या कानशिलांना एवढी धग लागली, की ते गोदामात जाऊन वह्या मोजत बसले. एकाच थप्पीचे आकडे तीनदा तीन वेगळे आले. या वेळी उंदरांचं नाव घ्यायची हिंमत झाली नाही. ते बाहेर आले.

"अप्पा, ती खूण म्या केली."

"कसली खूण?"

"गुरुवार बंद."

"अहो पाशाभाई, गुरुवारी सगळ्यांत जास्त विक्री हाय! दुकान उघडं असतंय, ठावं नव्हतं का?"

"ठावं होतं. पण..." पाशामियाँ टोपी काढून हातातल्या टोपीकडेच बघत बोलले, "मी नसलो की मला ते दुकानच वाटत नव्हतं."

नोकर पोट धरून हसले. शरणप्पांना हसता हसता ठसका लागला. दीपाली तेवढी हसली नाही, आणि पाशामियाँना तेच सहन होईना.

"बेटी, वर तुझ्यावरच ढकललं म्या. तोंड दाखवायला जागा न्हाई."

"खूण काढा, चाचा," ती म्हणाली आणि माउस त्यांच्या हाताखाली सरकवला. चौथ्या खेपेला खूण निघाली. शरणप्पांनी डोळे पुसत सुनेला सांगितलं, "तू हितंच बस."

पुढच्या गुरुवारी पाशामियाँ इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. गर्दीत दोघं नोकर असे सपासप माल काढत होते, की पाशामियाँ दोनदा मध्ये आले आणि दोनदा "चाचा, सरका" ऐकून बाजूला झाले. बिलोलीहून शिकायला आलेली एक पोरगी बराच वेळ त्यांची धांदल बघत होती.

"काका, नवीन लागलात का इथं?"

पाशामियाँ मान खाली घालून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडत म्हणाले, "हाव पोरी. आजच."