ताई थांबली होती, अशी साक्ष

यजमान गेले, त्यांनाही हे न सांगताच जाऊ दिलं. मुलीला सांगितलं नाही, चर्चच्या मंडळीतल्या एकाही बाईला नाही. देवाला काय सांगायचं, त्याला आधीपासूनच ठाऊक — म्हणून त्याच्यापुढे गुडघे टेकते, बाकी सगळं बोलते आणि एवढं गाळते. किती वर्षं गाळते आहे! तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. जरा बसा. मी थकलेय, भरभर बोलणं व्हायचं नाही.

मी शिरूरची पाळकबाई. माझे यजमान तिथल्या चर्चचे पाळक होते. मी शाळेत शिकवायचे, पण गावात बाई म्हणून मला फक्त पोरं हाक मारायची. बाकी सगळ्यांची मी पाळकबाई. पाळकबाई म्हणजे काय, तर कुणाचं आजारपण असो, बाळंतपण असो, मयत असो — प्रार्थनेला ही पहिली हजर पाहिजे, आणि तोंड हसरं पाहिजे. "प्रभूवर विश्वास ठेवा" हे माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की दूधवाल्याला उशीर झाला तरी तेच निघायचं. हसू नका, खरं सांगतेय.

माझी बहीण दौंडला असायची. ताई. आईवडील लवकर गेले, मला, तिच्या सुलूला, तिनेच वाढवलं. ती दवाखान्यात आया होती. तिने लग्न केलं नाही. केलं नाही, की माझ्यामुळे राहून गेलं? मी कधी विचारलं नाही, आणि ती सांगणारी नव्हती. मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि स्वतः रेल्वे लायनीच्या बाजूला एका खोलीत राहिली. मला आईचा चेहरा आठवत नाही, ताईचा आठवतो. एवढ्यावरून समजून घ्या, ती माझी कोण होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताईला छातीचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, बरं वाटलं, मग दुखणं परत उलटलं. जखम चिघळली. उजवा हात सुजून लाकडासारखा झाला, खांद्याच्या वर जाईना. केस मात्र होते तसेच — दाट, कमरेपर्यंत. ते विंचरायला तिला हात नव्हता. मी दर शनिवारी शाळा सुटली की एसटीने निघायचे, न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथे गाडी बदलून दौंड. जखम धुवायची, फडकं बदलायचं, आणि मग तिला भिंतीला टेकवून केस विंचरायचे. तेवढा वेळ ती डोळे मिटून गप्प बसायची. लहान मुलीसारखी.

आता — हे सांगायचं म्हणजे जीभ रेटत नाही. त्या खोलीत वास यायचा. जखमेचा. मला त्या वासाचा कंटाळा आला होता. ताईचा नाही हो — असं मी स्वतःला कितीदा बजावलं! पण माणूस आणि त्याचं दुखणं वेगळं करून कंटाळता येतं का? चौफुल्याला उभी असताना मनात यायचं, दौंडची गाडी आज लागूच नये. असं आलं की मी लगेच प्रार्थना म्हणायचे. प्रार्थना कशाला, तर तो विचार झाकायला.

त्या वर्षी शिरूरला आमचा महिला मेळावा होता. आजूबाजूच्या गावांतून बाया येणार, मांडव घातलेला, लाउडस्पीकर लावलेला. रविवारी मुख्य भाषण माझं. विषय — विश्वास. मेळाव्याची तयारी म्हणून मी आधीचा शनिवार चुकवला. त्याच्या पुढच्या शनिवारी, ऐन मेळाव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी आमच्या पाळकांच्या बंगल्यावर फोन आला. ताईच्या शेजारच्या सुमनबाई स्टेशनवरच्या बूथवरून बोलत होत्या. सुमनबाई बौद्ध, आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, पण ताईचं दूध-पाणी, कपडेलत्ते सगळं त्याच बघत. म्हणाल्या, "बाई, ताईंचं आज काय खरं दिसत न्हाई. सुलूला बोलवा म्हणत्यात, केस इचरायचेत म्हणत्यात. आजच्या आज निघा."

निघता आलं असतं. गाडी होती. यजमानांना नुसतं सांगितलं असतं तर तेच म्हणाले असते, जा, भाषण दुसरं कुणी करील. मी त्यांना सांगितलंच नाही. फोनवर मी सुमनबाईंना म्हटलं, "ताईला म्हणावं, मी तुला प्रभूच्या हाती सोपवलंय. सोमवारी पहिल्या गाडीने येते."  सुमनबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

प्रभूचं काम म्हणून राहिले का मी? छे! मला ती खोली नको होती, आणि मला तो माइक हवा होता. दोन्ही खरं. रविवारी मी असं बोलले, असं बोलले, की बायांचे पदर डोळ्यांना लागले. आपली माणसं आपण देवावर सोडावीत, म्हणाले. माझी स्वतःची बहीण आज अंथरुणावर आहे, म्हणाले — तेसुद्धा वापरलं मी.

सोमवारी मी पोचले तेव्हा दारात चपला पडलेल्या होत्या. ताई पहाटे गेली होती. बायांनी आंघोळ घालून तिला पांढरं पातळ नेसवलं होतं. केसांना तेल लावून, चापून वेणी घातलेली. मी त्या वेणीकडेच बघत राहिले. सुमनबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचा निरोप सांगितला मी. ताई हसल्या. म्हनल्या, देव हाये, त्याची मला काळजी न्हाई. पन त्यो काय माझे केस इचरतो व्हय? मग मीच इचरले, काल संध्याकाळी. बरं वाटलं त्यांना."

बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुपारी यजमान आले, मातीची तयारी झाली. त्यांनी हळूच विचारलं, शेवटची भेट झाली ना? मी होय अशी मान हलवली. एवढंच. नुसती मान. तुम्हाला वाटेल, दुःखात माणूस काहीही करतं. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण पुढच्या रविवारी उपासनेत त्यांनी सगळ्यांना सांगितलं — आमच्या पाळकबाईंनी प्रभूची सेवा आधी केली, आणि प्रभूने बहिणीचा श्वास भेट होईपर्यंत राखला! साऱ्या मंडळीने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा उठून "नाही" म्हणायचं होतं. मी डोळे पुसले.

मग साक्षच झाली ती. आमच्यात साक्ष देणं म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. जिथे जाईन तिथे बाया म्हणायच्या, पाळकबाई, ताईंची साक्ष द्या ना. मी द्यायचे. दर वेळी थोडी भर पडायची. आधी ताईने नुसते डोळे उघडले. मग माझं नाव घेतलं. मग माझा हात धरून म्हणाली, तू सेवा पुरी करून येशील म्हणून प्रभूने मला थांबवलं गं. आणि त्या सगळ्या साक्षीत सुमनबाई कुठेच नव्हत्या. त्यांना मी काढून टाकलं. शेवटच्या संध्याकाळी ताईजवळ बसलेली बाई — आणि मी तिची जागाच घेतली!

माझी साक्ष ऐकून लोकांना धीर यायचा, तेव्हा बिघडलं कुठे? असं मी मनाशी म्हणायचे. आता मंगलचं सांगते. खरं सांगायचं होतं ते हेच. एवढा वेळ मी त्याच्या भोवतीच फिरत होते.

सणसवाडीला कंपन्या आल्या तशी बाहेरगावची माणसं भाड्याच्या खोल्यांतून राहायला आली. त्यांत काही आमची विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबं. मी शुक्रवारी तिकडे प्रार्थनेला जायचे. मंगल जालन्याकडची, नवरा कंपनीत, नवीन लग्न झालेलं. मोठी गोड पोर. गाणं धरलं की पत्र्याची खोली भरून जायची. एकदा त्यांनी साखळी प्रार्थना धरली होती. एकीची प्रार्थना संपायच्या आत दुसरीने गुडघे टेकायचे, उपास धरायचा, आठवडाभर साखळी तुटू द्यायची नाही. मधेच मंगलला निरोप आला, गावाकडे आई फार आजारी. ती माझ्याकडे आली. "बाई, माझी माय लई बिमार हाय. जाऊ का? पन साखळी तुटंल." सगळ्या बाया बघत होत्या माझ्याकडे.

"जा" — एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तिची पिशवीही भरलेली असावी. पण मी उभी होते साक्षीवाली पाळकबाई म्हणून. तिला जा म्हटलं असतं तर माझी साक्ष कुठे राहिली असती? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "माझी ताई थांबली की नाही? तू साखळी पुरी कर. प्रभू राखील तुझ्या आईला."

तिने पुरी केली. मग गेली. आई आदल्या दिवशीच गेली होती.

परत आल्यावर ती शिरूरला बंगल्यावर आली. माझ्यावर चिडलेली नव्हती हो. तेच तर सोसत नाही. सोफ्याच्या कडेला बसली, चहाला हात लावला नाही, आणि विचारलं, "बाई, तुमची ताई थांबली. मग माझी माय का न्हाई थांबली? माझ्या विश्वासात काय कमी पडलं?"

घरात आम्ही दोघीच होतो. कुणी ऐकत नव्हतं. पोरी, काही कमी पडलं नाही, माझी ताईही थांबली नव्हती, मी खोटं बोलले — एवढं सांगितलं असतं तर तिने मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित मंडळीत सांगितलं असतं, पण ती मोकळी झाली असती. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "कमी पडलं असेल, बाळ. देव अंतःकरण पाहतो. प्रार्थना करत राहा." आणि वर तिच्यासाठी प्रार्थनाही केली. तिचा विश्वास वाढो म्हणून!

देवाचा यात काही दोष नाही. माझ्या बहिणीला सोडून मांडवात बस, असं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी आजही त्याच्यावर विसंबून आहे, दुसरं कोण आहे मला? पण एवढं कळलंय, की तो आहे म्हणून माणसाने बिनघोर उठून आपल्या माणसाकडे जायचं असतं. मी तो आहे म्हणून गेले नाही. आणि मंगललाही जाऊ दिलं नाही.

मध्ये काही वर्षं गेली. यजमान गेले, मी शाळेतून निवृत्त झाले. मागे सणसवाडीच्या मंडळीने मला बोलावलं होतं. आता मंगल तिथली पुढारी बाई झालीय, तरुण मुलींना तीच शिकवते. मला पुढे खुर्चीवर बसवलं. मंगल साक्षीला उभी राहिली. अंगाने भरली होती, आवाज तोच. म्हणाली, "पाळकबाईंचा विश्वास पुरा होता, म्हणून त्यांची ताई थांबली. माझा कच्चा निघाला, म्हणून माय मला न भेटता गेली. ते पाप माझं हाय. पोरींनो, तुमचा विश्वास माझ्यावानी कच्चा ठेवू नका." समोर नव्या नव्या पोरी बसलेल्या, कुणाची आई बीडला, कुणाची परभणीला. त्या मान हलवत होत्या. मंगलने माझ्याकडे बघून हात जोडले. सगळी खोली आमेन म्हणाली.

मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले.