मुद्दाम घालवलेली लाईट

मैत्रिणींनो, आज मी भरदुपारी माझ्याच घरातली लाईट घालवली. मुद्दाम!

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या द्राक्षांचं तापमान मी नाशिकला घरी बसून बघते. ऑफिसची सिस्टीम नोंदवलेल्या आयपी नंबरलाच, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यालाच, आत घेते. आमच्याकडे लाईट जाऊन आली की राउटरचा नंबर बदलायचा आणि मी बाहेर. साहेबांचं एकच टुमणं, "बाळ लहान आहे ना, मग नोकरी सोडा. नाहीतर रोज इथे या."

सकाळी ब्रॉडबँडवाल्यांकडे जाऊन न बदलणारा, स्टॅटिक आयपी मागितला. काउंटरवरचे म्हणाले, "घरगुती कनेक्शनला नाही मिळत, मॅडम."

"मग तसं लेखी द्या."

लेखी कुणी दिलं नाही. तासाभरात आयपी मात्र दिला! तो लगेच ऑफिसच्या सिस्टीममध्ये नोंदवून घेतला.

दुपारी साहेबांना मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांच्यादेखत मेन स्विच बंद केला. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, माझी सिरियल!" स्विच पुन्हा चालू केला. नंबर तोच. सिस्टीम उघडली, द्राक्षं थंडगार.

साहेब म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण तरीही..."

म्हटलं, "पण तरीही काय, ते लेखी द्या, साहेब."

अजून मेल आलेला नाही. तुम्हाला कुणाचं "पण तरीही" लेखी मागायचंय?