आक्काताईंचा नळ

"आक्काताई, निकाल लागेपर्यंत मालकाच्या घरी दूध घालू नका," मी बजावलं.

"का वो वकीलसाहेब? त्याच्या नातवानं काय केलंय माझं?"

मी कपाळाला हात लावला. आक्काताई माझ्या अशील. सत्तरच्या दशकात शुक्रवार पेठेतल्या एका आवारात त्या भाड्यानं राहायच्या. एक खोली आणि म्हशीचा गोठा. शेजारच्या खोलीत बशीरभाई शिंपी. मालकाला मुसलमान बिऱ्हाड नकोसं झालं. बशीरभाई शेजाऱ्यांना त्रास देतात, असा खोटा दावा त्यानं लावला. आक्काताई बशीरभाईंच्या बाजूनं कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. "त्रास कसला? मला ताप आलता तवा माझ्या म्हशीची धार ह्याच्या बायकूनं काढली!" दावा पडला. लगेच आक्काताईंचा नळ बंद झाला.

खरी साक्ष दिली म्हणून सूड घेणाऱ्या मालकासाठी वेगळं कलम मला सापडेना. पण सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी तोडायचं नाही, असं भाडेकायदा सांगत होता. त्यावर मी अर्ज केला. मालकानं उत्तर दिलं, नळ चालूच आहे, बाई खोटारडी आहे. त्याचा वकील म्हणाला, "रोज दूध घालते. म्हैस काय पाण्यावाचून जगते?" अर्ज फेटाळला असता तर म्हैस विकून बाईंना घर सोडावं लागलं असतं. म्हणून मी दूध बंद करायला सांगत होतो. आणि या बाई पंचगंगेवरून घागरी वाहायच्या, म्हशीला पाजायच्या, अन् पहिलं दूध मालकाच्या दारात! सूड घ्यायची आयती सोय असून ती न वापरणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मालकाची उलटतपासणी आली. माझ्याजवळ पुरावा असा काहीच नव्हता. चिडून विचारलं, "बाई खोटारडी म्हणता. मग दुधातही पाणी घालत असेल?"

मालक उसळला. "छ्या! आमच्यात येतंय ते दूध एक नंबर हाय. आणि पाणी घालंल कुठनं? नळ तर मी बंद केलाय की!"

त्याच्या वकिलानं फाईल मिटली. न्यायाधीशसाहेबांनी मान खाली घालून वाक्य लिहून घेतलं. नळ सुरू करण्याचा हुकूम झाला.

बाहेर आक्काताईंनी मालकाला गाठलं. मला वाटलं, आता वाजणार.

"मालक, उद्या दूध जरा उशिरा येईल. आधी म्हशीला पोटभर पाणी पाजायचं हाय."

मालकाला मान वर करता येईना. तेव्हापासून अशिलानं माझा सल्ला ऐकला नाही, तर रागवायच्या आधी जरा थांबून बघतो.