बालाफोनची जवारी

मी भूलतज्ज्ञ. दुसऱ्यांना शांत झोपवणं हा माझा धंदा, पण माझं स्वतःचं तोंड काही केल्या गप्प बसत नाही. आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उस्तादांना तर जरा जास्तच.

उस्ताद म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरचे पोर्टर. पेशंटला वॉर्डातून आणायचं आणि परत पोचवायचं, हे त्यांचं काम. मूळचे बुर्किना फासोचे, पिढ्यान्‌पिढ्या बालाफोन बनवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या घरातले. बालाफोन म्हणजे ओळीनं लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर काठ्यांनी वाजवायचं, आणि प्रत्येक पट्टीखाली टांगलेला एक वाळका भोपळा. मी पुण्यात गाणं शिकलेली, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांना उस्ताद म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग खरोखरच.

इथे आल्यापासून वीस वर्षं ते शाळांतून पोरांना ठेका शिकवत आले, लग्नात वाजवत आले, कुठल्या तरी बँडच्या आधी पंधरा मिनिटं वाजवत आले. हे सांभाळून त्यांनी स्वतःच्या हातानं एक बालाफोन घडवायला घेतला. लाकूड बंद पडलेल्या पबच्या महोगनी काउंटरचं, म्हणजे मूळचं आफ्रिकेतलंच. भोपळे पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या बोगद्यासारख्या मांडवात, पिकवलेले. शेडमध्ये त्यांना बुरशी धरायला लागली, तेव्हा मी माझं हॉट प्रेस, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, रिकामं करून दिलं. वर्षभर आमच्या टॉवेलांना भोपळ्याचा वास येत होता.

तीन वर्षांनी वाद्य पुरं झालं. उस्तादांनी फोटो गावी काकांना पाठवला. काका हेच त्यांचे गुरू. काकांचं उत्तर आलं, "टेबल छान झालंय."

बस्स, एवढंच. त्यानंतर आठवडाभर उस्तादांनी वाद्यावर चादर टाकून ठेवली. मला असा संताप आला त्या म्हाताऱ्याचा!

मग मलिंगारच्याच नाट्यगृहात त्यांचा पहिला पूर्ण कार्यक्रम ठरला. पोस्टरवर एकटे उस्ताद. काका व्हिडिओ कॉलवर ऐकायला तयार झाले, तेव्हा उस्ताद म्हणाले, "डॉक्टर, त्यांनी याला बालाफोन म्हटलं की मी सुटलो."

त्या दुपारी मी थर्मासभर चहा घेऊन गेले, तर उस्ताद स्टेजवर मांडी घालून भोपळे खरवडत होते. प्रत्येक भोपळ्याला एक भोक असतं, त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पातळ पापुद्रा चिकटवतात. वाजवलं की तो थरथरतो आणि सुराला झणझणती किनार येते. एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून हे कोष त्यांनी एकेक करून वेचून आणले होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"साउंडवाला म्हणतो, लोकांना वाटेल स्पीकर फाटलाय."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"वीस वर्षांनी एक संध्याकाळ मिळालीय, डॉक्टर. ती भांडून घालवू?"

"न भांडता घालवताय ना! काकांना काय ऐकवणार? टेबल?"

बोलून गेले आणि जीभ चावली. उस्तादांचा हात थांबला. निम्म्याहून जास्त पापुद्रे खरवडून झाले होते.

मी तडक घरी गेले, तानपुरा गाडीत आडवा घातला आणि परत आले. साउंडवाला पन्नाशीचा, तसा भला माणूस. त्याला समोर बसवलं. तारांखालचे दोरे काढून तार छेडली, सूर टण्‌ करून विझला. दोरे जागेवर सरकवून पुन्हा छेडली. तार उघडली, घुमत राहिली.

"याला आम्ही जवारी म्हणतो," मी म्हटलं. "एवढ्यासाठी आमचे कारागीर तारांखालची घोडी दिवसचे दिवस घासतात. आणि तुम्ही यांना ती खरवडून टाकायला लावताय!" मी बहुधा ओरडतच होते.

त्यानं आणखी एकदा वाजवायला लावलं. "मला बिघाड वाटला होता," तो ओशाळून म्हणाला आणि खिशातून सिगारेट वळायचा पातळ कागद काढून उस्तादांपुढे धरला. "हा चालेल का?"

उस्ताद पोटभर हसले. कोळी रुसले की गावाकडेही हाच वापरतात म्हणे. तिघांनी बसून गोंदानं कागद चिकटवले.

संध्याकाळी पहिली काठी पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. सगळं नाट्यगृह झणझणत होतं. मी रडले, त्यात लाज कसली? असा अभिमान मला माझ्या पदव्यांचासुद्धा कधी वाटला नव्हता. पहिल्या रांगेत मी फोन धरून बसले होते, पण स्क्रीनवर काका नुसते डोळे मिटून. चेहऱ्यावरची रेष हलेना.

लोक उठून टाळ्या वाजवत असताना उस्तादांनी खाली येऊन माझ्या हातातून फोन घेतला. पलीकडून काका त्यांच्या भाषेत बोट नाचवत फाडफाड बोलत सुटले.

"काय म्हणतायत?"

उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणतायत, डावीकडची चौथी पट्टी सुराला उतरलीय. बालाफोन असा ठेवतात का, गाढवा? उद्याच्या उद्या तासून घे."