रामदासपेठेतला कलमवाला

रामदासपेठेत दवाखान्याखालच्या टपरीवर तो मला एकदाच भेटला. माझ्यापासून मूल होणार नव्हतं. दात्याचं वीर्य घ्यायला बायको तयार होती. ती वर डॉक्टरांकडे बसली होती आणि मी खाली चहा निववत होतो.

शेजारचा माणूस दुमडलेल्या कोपरात कापूस दाबून बसला होता. मी सहज विचारलं, तर चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘स्पर्म डोनर आहो मी. पहिले तपासण्या केल्या, मंग सॅम्पल घेतलं. ते गोठवून ठेवतेत. सहा महिन्यानं पुन्हा रक्त तपासतेत, तवाच कोनाले देतेत. तेच रक्त देऊन आलो.’’

त्याच्या बोटांवर चाकूचे बारीक व्रण होते. नर्सरीत तो जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करायचा.

‘‘मूल कोणाकडे जातं, सांगतात?’’

‘‘नाही. अन् मले काहून पाहिजे? डोळा मी बांधतो, रोप कोनी घेऊन जाते. बाग तं पानी देनाऱ्याचीच म्हनतेत ना!’’ मग कापूस फेकत त्यानं विचारलं, ‘‘तुमी कसे आले इकडं?’’

‘‘मी पाणी देणारा,’’ मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

‘‘मंग वर जा ना! इथं काहून बसून राहिले?’’