पाचव्या बोटाची छागल

मोटार फाटकापाशी येऊन थांबली, पण भोंगा वाजला नाही. मी ओसरीवर शाळेच्या वह्या तपासत बसलो होतो. माझे सासरे आबाजी, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणायचो, देवळीहून आमच्या कारंज्याला आले की मारुतीच्या पारापासूनच ड्रायव्हरला भोंगा वाजवायला लावत. आपण येतोय हे लेकीला आधी कळावं, एवढाच हेतू. त्या दिवशी गाडीतून एकटा गुलाब ड्रायव्हर उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. "मास्तर, मालक गेले जी. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागीच..." तेवढ्यात माझी बायको सुमन पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं गुलाबकडे पाहिलं, मग गाडीच्या पुढच्या हुकाला लोंबणाऱ्या छागलीकडे पाहिलं, आणि पायरीवर बसली.

छागल म्हणजे जाड कॅनव्हासची, प्रवासात पाणी गार ठेवणारी पिशवी. मामाजींना जाऊन आता दीड महिना होत आला. भेटायला आलेले लोक त्यांच्या कितीतरी गोष्टी सांगतात. कापसाच्या बाजारात त्यांच्या शब्दाला किती वजन होतं, रागावले की कसे गप्प बसायचे, वगैरे. मी ऐकतो, मान डोलावतो, आणि मनात पुन्हा त्या छागलीपाशी येतो. चौकशी करण्याची मला पहिल्यापासून खोड. पण या एका बाबतीत मी मामाजींना सरळ विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर कापसाला भाव बरा लागला आणि मामाजींनी मोटार घ्यायचं काढलं. ते कापसाचे अडते. जन्मभर बाजारात बैलगाड्यांच्या रांगांमधून पायी फिरलेला माणूस. बायको कधीच गेलेली, घरी फक्त थोरला मुलगा आणि सून. यांना मोटार कशाला, हा प्रश्न साऱ्या देवळीला पडला, तसा मलाही पडला. मी विचारलं तर म्हणाले, "काऊन म्हणजे? बसाले!" नागपूरला गाडी घ्यायला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं, कारण कागद इंग्रजीत असणार. "तुमी वाचून सांगजा, जवाईबापू. सौद्याचं मी पाह्यतो."

शोरूममध्ये टाय लावलेला एक तरुण विक्रेता होता. त्यानं पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं की किंमत कंपनीची आहे, तिच्यात काही हलत नाही. मामाजींनी गाडीला दोन-तीन फेऱ्या मारल्या, मागच्या गादीवर बसून पाहिलं, दारं उघडून लावून पाहिली. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर पसरलं आणि तो झाकलेला हात विक्रेत्यापुढे केला. कापसाच्या बाजारात बडे सौदे असेच होतात. कपड्याखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा, आणि भोवती उभ्या असलेल्यांना काही म्हणजे काही कळत नाही. त्या बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक? खेड्यातले लोक असाच शेकहँड करत असतील असं समजून त्यानं उपरण्याखाली हात घातला, मामाजींचा अख्खा पंजा धरला आणि जोरजोरात हलवला.

"झालं!" मामाजी म्हणाले. "पाच. जवाईबापू, तुमी साक्षीदार."

"पाच काय?" विक्रेता गोंधळला.

"किंमत तुमची राहू द्या. वरच्या वस्तू पाच. फुकट."

माझा जीव संकोचानं अर्धा झाला. पण काचेच्या खोलीतून त्या दुकानाचे म्हातारे सेठ बाहेर आले. त्यांची उमेदवारी एका कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेली, त्यामुळे झाला प्रकार त्यांना न सांगता कळला. पोट धरून हसले. "अरे भाई, तूने तो पूरा पंजा दे दिया!" आणि मामाजींना म्हणाले, "पाच तर पाच. रेडिओ सोडून काहीही मागा." इथे माझा चेहरा पडला. येताना रस्ताभर मी मनात तो रेडिओच ऐकत आलो होतो.

मी वरच्या वस्तूंची इंग्रजी यादी वाचायला लागलो आणि मामाजी एकेका वस्तूवर थांबून विचार करू लागले. गाद्यांच्या खोळी घेतल्या. टपावरचं कॅरिअर घेतलं. धुक्यातला दिवा घेतला, कारण पहाटे निघायचं असलं तर लागेल. चाकांमागचे चिखल अडवणारे रबर घेतले. पाचव्या वस्तूला विक्रेत्यानं चकचकीत तबकडीचं घड्याळ पुढे केलं, आणि ते तरी घ्या म्हणून मी त्यांना कोपरानं डिवचलं.

"घड्याळ कायले? तुमच्या हाताले आहे ना. छागल लावून द्या."

"छागल?" सेठ म्हणाले. "वो तो बाजार में कहीं भी मिलेगी."

"मिळन. पण हूक इथंच बसवा. पुढं, बाहेरून. अन् उंच नोको. कोणाचाही हात पोचला पाहिजे."

मिस्त्रीनं हूक बसवला तो त्यांना उंच वाटला. काढून खाली बसवायला लावला आणि स्वतः बाजूला उकिडवे बसून पाहत राहिले. गुलाब ठेंगणा, त्याच्यासाठी असेल, अशी मी समजूत करून घेतली. घड्याळ सोडून पिशवी घेणाऱ्या माणसाला सौदा करता येतो असं लोक कशावरून म्हणतात, हेच परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात घोळत होतं.

त्या छागलीचं काम पुढच्याच आठवड्यात कळलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही मामाजींच्या पिढीची रीत. आमच्याकडे तेव्हा मूल नव्हतं. आजही नाही. लग्नानंतर मामाजी एकदाच आले होते, वर्ध्याला आणि आर्वीला सर्व्हिसमोटार बदलत, आणि उन्हातान्हात तसेच तहानेले परत गेले होते. आता ते दर पंधरवड्याला यायला लागले. आमच्या कडुनिंबाखाली बाज टाकून दिवसभर बसायचे, घरून आणलेली भाकरी खायचे आणि तहान लागली की फाटकाशी जाऊन छागलीतलं देवळीचं पाणी प्यायचे. सुमन भोंगा ऐकून धावत सुटायची आणि ती पिशवी दिसली की तिचा चेहरा उतरायचा. एकदा ते गेल्यावर माझ्याजवळ रडली. "सारी आळी पाह्यते. बाबांनी मोटार घेतली ते बरं केलं, पण माह्या उणेपणाची पाटी कायले पुढं टांगून आणते?" त्यांनाच सांग, म्हटलं. तिला ते सांगता येईना. आणि मी जावई. अशा बाबतीत जावयानं बोलायचं नसतं.

मग एका उन्हाळ्यातली दुपार. मामाजी बाजेवर डोळे मिटून पडले होते. मी खिडकीत होतो. सुमन फाटकाशी गेली, तिनं छागल हुकावरून काढली, होतं ते पाणी दोडक्याच्या वेलाला घातलं आणि आमच्या विहिरीचं ताजं पाणी भरून पिशवी परत टांगली. मला वाटलं, त्यांना कळलं तर ते रागावतील, आणि रागावले तर कदाचित येणंच बंद करतील. थोड्या वेळानं मामाजी उठले, फाटकाशी गेले, छागलीला तोंड लावलं आणि थांबले. आमच्या विहिरीच्या पाण्याची चव कोणालाही ओळखू येते, थोडी मचूळ. तरी पुन्हा प्यायले, घटाघट, पोटभर.

"सुमे," ते म्हणाले, "आज पाणी लय गोड लागून राह्यलं."

"उन्हानं लागत असन, बाबा," ती म्हणाली आणि घरात जाऊन दाराआड उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही... दोन्ही असावं.

तेव्हापासून छागल देवळीहून रिकामीच यायची. मी गुलाबला विचारलं, तर तो म्हणाला, "मालकच म्हणते, रिकामी राहू दे, वजन होते." सुमन ती भरायची, मामाजी प्यायचे, आणि रीत मोडली असं कोणाला म्हणता येत नव्हतं, कारण पाणी तर त्यांच्याच मोटारीच्या छागलीतलं. या गोष्टीबद्दल बापलेकीत अखेरपर्यंत एक शब्द झाला नाही. हे सगळं त्यांच्या मनात नागपूरच्या शोरूमपासून होतं, की सुमननं धाडस केल्यावर त्यांनी ते गुपचूप पदरात घेतलं? मी या प्रश्नावर फार विचार केला आहे. ज्या माणसाचा जन्म उपरण्याखाली बोलण्यात गेला, त्याचा आकडा मला कसा कळणार?

तेराव्याला मेव्हण्यानं सुमनला विचारलं, "बाबांचं काय पाहिजे तुले?" ती म्हणाली, छागल. मोटार आता मेव्हण्याकडे आहे आणि छागल आमच्याकडे आली. मागच्या रविवारी मी ओसरीच्या खांबाला खिळा ठोकला आणि ती टांगली. सुमन भरलेली कळशी कमरेवर घेऊन आली, खिळ्याकडे पाहून थांबली.

"थोडी खाली घ्या," ती म्हणाली. "कोणाचाही हात पोचला पाहिजे."

शोरूममधलं ते वाक्य मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी खिळा उपटला आणि खाली ठोकला.