नाल्यापलीकडे सोडलेले सुरवंट

आमच्या कॉलनीतल्या विहारासमोरचा पिंपळ माझ्या वडिलांनी लावला. देवळाली कॅम्पला नोकरीला असताना त्यांनी ते रोप बसमधून मांडीवर धरून आणलं. कंडक्टरने रोपाचं अर्धं तिकीट मागितलं होतं, हा किस्सा ते अजून सांगतात. झाड माझ्यापेक्षा लाडकं आहे असं मी म्हणते आणि ते नाकारत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात त्या पिंपळावर सुरवंट पडले. आधी पानांची चाळण झाली, मग खोडावर केसाळ थरच्या थर दिसायला लागले. मुलांच्या मानेवर गांध्या उठल्या, एका बाईंचा डोळा सुजून बंद झाला. बैठक बसली. कोणी म्हणालं औषध फवारा, कोणी म्हणालं टेंभा लावा, आणि शेवटी एकाने हळूच झाडच काढून टाकायचं सुचवलं. वडील ताडकन उठले.

"वर्षावास चालू आहे. पायाखाली किडामुंगी मरू नये म्हणून भिक्खू या दिवसांत फिरत नसत. आणि आपण विहाराच्या दारात जाळपोळ करायची?"

फवारणी आणि टेंभा दोन्ही तिथेच बाद झाले. पण अळ्या न मारता घालवायच्या कशा, हे कोण सांगणार? तेव्हा मीच अक्कल पाजळली. झाडून गोळा करू आणि नाल्यापलीकडच्या पडीक जागेत सोडू. तिथे एरंड माजलाय, खातील बिचाऱ्या. वडिलांचा चेहरा असा खुलला की मला माझाच अभिमान वाटला.

टोपलीतून अळ्या चढून बाहेर येत, म्हणून विहारातली झाकणाची स्टीलची बादली घेतली. जेवणाच्या पंगतीत भाजी वाढायची ती बादली आई गेल्यावर वडिलांनी दान दिली होती. दिलेल्या भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत, तसं तिच्यावर आईचं नाव कोरलेलं होतं. चार दिवस शाळेत शिकवून आले की डोक्याला ओढणी गुंडाळून मी खेपा घालत होते. शेवटच्या खेपेला सुरवंटाचे केस मानेत शिरले आणि अशी आग झाली की बादली एरंडाखाली टाकून मी घराकडे पळाले. परत आणायला गेलेच नाही. त्यातली भाजी आता कोण खाणार होतं?

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. एरंडाच्या मागे, बांधाला लागूनच, फुलवाल्या मावशींचे गुलाबाचे वाफे होते. दर पौर्णिमेला विहारात फुलं त्याच आणून देतात. ते वाफे मला चारही दिवस दिसत होते. अळीला बांध कळत नाही, हे न समजण्याइतकी मी अडाणी नाही. पण आपलं झाड वाचतंय म्हटल्यावर मी पलीकडे बघितलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला मावशी आल्या त्या हातभर गांध्या घेऊन.

"ताई, यंदा केसाळ अळी लय. गुलाबाला पान ठिवलं नाय. तीनदा फवारलं. मेलेल्या अळ्यांचा नुसता सडा पडला."

मी "अरेरे" म्हणाले. फक्त अरेरे! मला माझी लाज वाटली. पलीकडे वडील पिंपळाची नवी पालवी सगळ्यांना दाखवत होते. एकही जीव न मारता झाड वाचलं, म्हणत होते. त्यांना काय सांगणार? की जे मारणं आपण टाळलं, ते मावशींच्या हातून करवून घेतलं?

त्यापुढच्या पौर्णिमेला मावशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमची बादली होती. लख्ख घासलेली, आणि आत तळ जेमतेम झाकेल एवढे गुलाब. वडिलांनी आईच्या नावावरून बोट फिरवलं.

"ही कुठे होती?"

"आमच्या बांधाला घावली, बाबा. नाव वाचलं, म्हनून आनली."

"किती जपता हो तुम्ही माणसं," वडील म्हणाले आणि बादली घेऊन आत गेले. मला ते ऐकवेना.

"मावशी, त्या अळ्या..." मी कशीबशी सुरुवात केली.

"बादली घासताना हाताला खाज सुटली, तवाच कळलं ताई." त्यांनी आत नजर टाकली. "बाबांना नका सांगू. त्यांना सोसायचं नाय."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चप्पल घालून निघून गेल्या.

आत वंदना सुरू झाली. जीवहिंसा न करण्याचं पहिलं शील वडील सगळ्यांत मोठ्याने म्हणतात. मी त्यांच्या शेजारी हात जोडून बसले होते आणि समोर आईच्या बादलीत मावशींचे गुलाब होते.

वंदना संपल्यावर वडील माझ्याकडे वळले.

"आज तुझा आवाज आला नाही," ते म्हणाले.